स्वतःची मराठी गाणी करणाऱ्या कोल्हापूरच्या बँडने आपला श्रोता कुठे शोधावा?

पंचगंगेकाठी (मूळ प्रश्न)

नमस्कार.

आम्ही कोल्हापूरचे पाच जण गेली तीन वर्षे एकत्र गात-वाजवत आहोत. गिटार, बेस, ड्रम्स आणि हलगी अशी वाद्ये आहेत आणि आमचा गायक स्वतःच गाणी लिहितो. आतापर्यंत अकरा गाणी बांधून झाली असून त्यांतली चार ध्वनिमुद्रित करून आम्ही यूट्यूब आणि स्पॉटिफायवर ठेवली आहेत. विषय आमच्या भागातलेच आहेत: गळीत हंगामात कारखान्याच्या दारात रात्रभर थांबलेली ट्रॅक्टरांची रांग, २०१९ च्या पुरात पाण्याखाली गेलेले घर, पहाटेच्या एसटीने पुण्याला नोकरीसाठी निघालेली मुलगी. गाण्यांत शब्द बरेच आहेत आणि ते ऐकू आले नाहीत तर मागे फारसे काही उरत नाही, याची आम्हाला कल्पना आहे.

अडचण श्रोत्यांची आहे. एका कॅफेत आम्ही चार शनिवार वाजवले. लोक जेवायला आलेले असत, आणि दुसऱ्या शनिवारीच चालकांनी ओळखीची हिंदी गाणी घेण्याची विनंती केली. एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात समोर सात-आठशे मुले होती. चित्रपटातल्या गाण्यावर ती नाचली आणि आमचे गाणे सुरू होताच निम्मी बाहेर गेली. गणेशोत्सवात एका मंडळाने रात्री नऊची वेळ दिली, परंतु आरती आणि सत्कार लांबल्यामुळे प्रत्यक्षात आम्हाला वीस मिनिटे मिळाली, आणि दहा वाजता ध्वनिक्षेपक बंद करावा लागला. यूट्यूबवर एका जुन्या गाण्याची आम्ही केलेली आवृत्ती ४१,००० वेळा पाहिली गेली, तर आमचे स्वतःचे सर्वांत आवडते गाणे १,१०० च्या पुढे गेले नाही. मध्यंतरी प्रसिद्धी करून देणाऱ्या एका संस्थेला सहा हजार रुपये दिले. पाच दिवसांत आकडा वीस हजारांनी वाढला, पण एकही प्रतिक्रिया आली नाही आणि ते प्रेक्षक पुन्हा कधी दिसले नाहीत.

मागच्या हिवाळ्यात सांगलीतल्या एका वाचनालयात कवितावाचनाच्या कार्यक्रमात मधल्या वेळेत आम्ही तीन गाणी म्हटली होती, तेव्हा चौतीस माणसे होती आणि त्यांतल्या दहा-अकरा जणांनी नंतर गाण्यांचे शब्द मागून घेतले. पण एवढ्या लहान संख्येवर बँड कसा चालणार, हा प्रश्न राहतोच.

कोल्हापूरला ऐकण्याची सवय नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. १८८३ पासून देवल क्लब ही संगीतसंस्था असलेले, अल्लादियाखाँसाहेबांचे गाणे ऐकलेले हे शहर आहे. मग आमच्यासारख्यांचा श्रोता नेमका कोण, आणि तो शोधण्याची काही पद्धत आहे का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

ध्वनिमंच, पुणे

आपला प्रश्न मी दोनदा वाचला, आणि उत्तर आपण स्वतःच लिहून पुढे निघून गेला आहात असे मला वाटते. वाचनालयातला तो कार्यक्रम आपण दोन वाक्यांत संपवला, पण आपल्या सगळ्या अनुभवांत मला मोलाचा वाटतो तो तेवढाच. चौतिसांपैकी अकरा माणसे घरी जाण्याऐवजी थांबली आणि त्यांनी शब्द मागितले. स्नेहसंमेलनातल्या आठशे मुलांपैकी किती जणांनी आपले नाव तरी विचारले?

गेली अठरा वर्षे मी पुण्यात नाटकांसाठी आणि गाण्यांच्या कार्यक्रमांसाठी ध्वनियोजना करतो. त्यामुळे बँड जवळून पाहिले आहेत, पुढे गेलेले आणि दोन वर्षांत विखुरलेलेही. विखुरलेल्यांपैकी बहुतेकांची गाणी वाईट नव्हती. ते सतत दुसऱ्यासाठी जमलेल्या गर्दीपुढे उभे राहत होते. कॅफेतला माणूस जेवायला आलेला असतो आणि मंडळापुढचा माणूस गणपतीला. त्यांचे लक्ष आपल्याकडे वळवण्यातच आपली अर्धी ताकद संपते. वाचनालयातली माणसे मात्र शब्द ऐकण्यासाठीच घरातून निघाली होती आणि आपली गाणी शब्दांची आहेत, म्हणून तिथे जमले. महाराष्ट्रात अशी माणसे थोडी नाहीत. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली, आणि आजही गावोगावी उन्हाळ्यात किंवा दिवाळीनंतर व्याख्यानमाला होतात, ज्यांना पन्नास ते दोनशे माणसे नेमाने येतात. आपल्या शहरातले करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० चे आहे. या श्रोत्याला गिटार आणि हलगी एकत्र ऐकण्याची सवय नसेल, पण दीड तास शांत बसून ऐकण्याची आहे, आणि ती शिकवायला सर्वांत कठीण असते. तेव्हा पुढचे सहा महिने कॅफेंऐवजी वाचनालये, कवितेचे गट आणि प्रायोगिक नाटके करणाऱ्या संस्था यांच्या पत्त्यांची वही करावी. पुण्यात शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या लहान जागांनी असा श्रोता घडवला आहे. तिथे नाटकाला येणारा माणूस एखाद्या संध्याकाळी अनोळखी गाणी ऐकायलाही येतो, कारण त्या जागेवर त्याचा विश्वास असतो.

कार्यक्रमाला तिकीट मात्र लावावे, पन्नास रुपयांचे का असेना. फुकट कार्यक्रमाला माणूस "वेळ मिळाला तर जाऊ" म्हणतो; तिकीट काढले की तो वेळ काढतो. जागाही लहान घ्यावी. शंभर खुर्च्यांच्या खोलीत साठ माणसे असली तर कार्यक्रम रंगतो, आणि तीच साठ माणसे आठशेंच्या नाट्यगृहात बसवली तर सर्वांनाच ओशाळल्यासारखे होते, गाणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून लिहितो. दारात वही ठेवावी, नाव आणि भ्रमणध्वनी क्रमांक घ्यावा, आणि त्या माणसाला तिथल्या तिथे आपला क्रमांक त्याच्या फोनमध्ये साठवायला सांगावे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठवलेला निरोप ज्यांनी आपला क्रमांक साठवला आहे त्यांनाच पोहोचतो, आणि एका यादीत २५६ जण बसतात. ही मर्यादा आपल्या उपयोगाची आहे, कारण ज्याने आपला क्रमांक जपून ठेवला तो आपला श्रोता आहे आणि बाकीचे आपोआप गळतात. अशा दोन याद्या खऱ्या अर्थाने भरल्या तर शंभर खुर्च्यांची जागा दर दोन महिन्यांनी भरणे अवघड राहणार नाही.

आणि फलकावर "बँड" हा शब्द मोठ्या अक्षरांत नको. आपल्याकडे बँड म्हटले की पहिल्यांदा वरात आठवते. वरातीच्या वादकांविषयी मला पूर्ण आदर आहे, परंतु वाचनालयाच्या कार्यवाहांना त्या शब्दातून आपल्या कार्यक्रमाची कल्पना येणार नाही. "नव्या मराठी गाण्यांची संध्याकाळ" एवढे लिहिले तरी पुरे.

आकड्यांपलीकडे

मी गाण्यांचे डिजिटल वितरण आणि प्रसिद्धी या क्षेत्रात काम करते, म्हणून त्या बाजूचे लिहिते.

४१,००० आणि १,१०० या दोन आकड्यांची तुलना करू नये, कारण त्यांमागची माणसे वेगळी आहेत. जुन्या गाण्याची आवृत्ती पाहणारा माणूस ते गाणे शोधत आला होता. आपण त्याला वाटेत भेटलात. आपले स्वतःचे गाणे ज्यांनी ऐकले ते आपल्यासाठी आले. त्या १,१०० वेळांपैकी किती वेळा गाणे शेवटपर्यंत ऐकले गेले, आणि पुन्हा परतून आलेले प्रेक्षक किती, हे यूट्यूब स्टुडिओमध्ये दिसते. बहुतेक बँड हा भाग उघडून पाहतच नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे. साडेचार मिनिटांच्या अनोळखी मराठी गाण्यावर निम्मी माणसे शेवटपर्यंत थांबत असतील, तर गाण्यात दोष नाही आणि ते फक्त योग्य ठिकाणी पोहोचवायचे बाकी आहे. पहिल्या वीस सेकंदांतच बहुतेक जण निघून जात असतील, तर आधी गाण्याची सुरुवात तपासावी. अनेक बँड मोठा वाद्यमेळ आधी आणि शब्द पाऊण मिनिटानंतर असे बांधतात. प्रत्यक्ष कार्यक्रमात ते शोभते, फोनवर तेवढा वेळ मिळत नाही.

विकत घेतलेल्या आकड्यांचे नुकसान सहा हजार रुपयांवर थांबत नाही. पाच-दहा सेकंदांत निघून जाणाऱ्या हजारो प्रेक्षकांमुळे, हे गाणे लोकांना आवडत नाही अशी नोंद यूट्यूबच्या यंत्रणेकडे होते आणि पुढे ती ते गाणे खऱ्या श्रोत्यांनाही कमी दाखवू लागते. ते गाणे काही काळानंतर नव्या चित्रफितीसह पुन्हा मांडणे बरे.

शहरांची माहिती जरूर पाहावी. स्पॉटिफाय भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आले, आणि कलाकारांसाठीच्या त्याच्या विभागात कोणत्या शहरात किती जण आपले गाणे ऐकतात ते दिसते. कोल्हापूर-सांगलीच्या गाण्यांचा श्रोता पुष्कळदा पुण्यात, ठाण्यात, बंगळुरूत, किंवा नोकरीसाठी त्याहून दूर गेलेला असतो. आपले पहाटेच्या एसटीचे गाणे ज्या मुलीविषयी आहे, तिच्यासारख्या मुली आज हिंजवडीत राहतात. ते गाणे आधी त्यांच्यापर्यंत जायला हवे, आणि तसे असेल तर पहिला तिकिटाचा कार्यक्रम पुण्यातही होऊ शकतो. दिल्लीच्या ब्लडीवुड या मेटल बँडची वाट या संदर्भात लक्षात घेण्यासारखी आहे. लोकप्रिय गाण्यांच्या मेटल आवृत्त्या इंटरनेटवर टाकून त्यांनी सुरुवात केली. त्या संगीताचे चाहते जगभर विखुरलेले आहेत हे त्यांना तिथूनच कळत गेले, आणि २०१९ मध्ये ते जर्मनीतल्या वाकेन महोत्सवात वाजवायला गेले. गाणी हिंदी-पंजाबी-इंग्रजी, ढोल त्यात, आणि समोर जर्मन श्रोते. आपला श्रोता आपल्याच गल्लीत असतो असे गृहीत धरू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

काही लहान पण आवश्यक कामे आहेत. गाण्याचे नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही प्रकारे शोधता आले पाहिजे. मराठी माणूस पुष्कळदा रोमन अक्षरांतच शोधतो. गाण्याचे संपूर्ण शब्द वर्णनात द्यावेत. स्पॉटिफायच्या संपादकांकडे नवे गाणे प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी पाठवावे लागते, त्यामुळे आज ध्वनिमुद्रण आणि उद्या प्रकाशन ही घाई टाळावी. पैशांची अपेक्षा मात्र तिथून ठेवू नये. २०२४ पासून त्यांचा नियमच असा आहे की मागच्या बारा महिन्यांत एखादे गाणे १,००० वेळा ऐकले गेले नसेल, तर त्याचे स्वामित्वधन मिळत नाही.

हलगी_ताशा

वरच्या दोन्ही प्रतिसादांत चांगले मुद्दे आहेत, तरी एका गोष्टीला माझा स्पष्ट विरोध आहे. मंडळापुढची गर्दी म्हणजे चुकीचा श्रोता, असा सूर सगळीकडे लागला आहे. मी इचलकरंजीचा. पंधरा वर्षे ऑर्केस्ट्रात आणि जयंतीच्या कार्यक्रमांत वाजवतो, आणि उघड्या मैदानातला श्रोता किती बारकाईने ऐकतो ते मी पाहिले आहे. १४ एप्रिलच्या आसपास वस्त्या-वस्त्यांत जे गाण्याचे कार्यक्रम होतात, तिथे समोर बसलेल्या बायकांना गाण्याची कडवीच्या कडवी पाठ असतात आणि एक शब्द चुकला तरी त्या गायकाला सांगतात. लोककवी वामनदादा कर्डकांनी आयुष्यभर गावोगाव फिरून आपली गाणी अशाच श्रोत्यांपुढे म्हटली. ती पसरली, कारण दुसरे गायक ती उचलून आपापल्या गावात गाऊ लागले. मोठ्या सभागृहाची किंवा तिकिटाची त्यासाठी गरज पडली नाही.

पंचगंगेकाठी, आपण मंडळाची सुपारी घेतली तेव्हा वेळ कोणती मिळणार, आधी काय आहे, नंतर काय आहे, हे विचारले होते का? रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याचा नियम २००० सालापासून आहे, आणि उत्सवातले मोजके दिवसच शासन बारापर्यंत सवलत देते. नऊची वेळ म्हणजे आरतीनंतरची उरलेली वेळ, हे या धंद्यातला कोणीही सांगेल. आपण सातची वेळ मागायला हवी होती, लहान मुले आणि बायका समोर असताना. पुराचे गाणे पूर आलेल्या गल्लीत, त्या गल्लीच्या मंडळापुढे म्हणायला हवे होते. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना त्या गाण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. त्यांच्यापेक्षा जवळचा श्रोता आपल्याला कुठल्या वाचनालयात मिळणार आहे?

आणखी एक, हे थोडे कठोर वाटेल. हलगी घेतली म्हणून हलगीचा श्रोता आपोआप आपला होत नाही. हलगी वाजली की इथल्या माणसाचे पाय आधी हलतात, आणि आपली गाणी जर बसून ऐकण्याची असतील तर त्याला आपण दोन वेगळे निरोप एकाच वेळी देत आहात. गाण्यात हलगी कधी येते आणि कधी थांबते, यावर विचार करावा. ती शेवटच्या कडव्याआधी थांबली तर मैदानातली माणसेही थांबून ऐकतात. हे मी अनेकदा अनुभवले आहे.

मांडवीकाठ, पणजी

गोव्यातून लिहीत आहे. आमच्याकडे लग्नात वाजवणारे बँड शेकडो रसिकांपुढे वाजवतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या घरी स्वतःच्या कोंकणी गाण्यांची वही असते. आपल्यापुढचा प्रश्न त्यांच्यापुढेही पूर्वीपासून आहे, म्हणून इथे त्याचे उत्तर कसे मिळत गेले ते सांगतो.

पहिला तियात्र, म्हणजे कोंकणी संगीतनाटक, १८९२ मध्ये मुंबईत झाला. तियात्रात नाटकाच्या दोन प्रवेशांच्या मध्ये कांतारां, म्हणजे गाणी, म्हटली जातात. त्यांचा कथेशी संबंध असतोच असे नाही, राजकारणावर, महागाईवर, घरातल्या भांडणावर अशी ती असतात, आणि साथीला बसलेला बँड प्रत्यक्ष वाजवत असतो. प्रेक्षक तिकीट नाटकाचे काढतो, पण कांतार आवडले तर गायकाला पुन्हा बोलावतो, आणि पुढच्या वेळी त्या गायकाचे नाव जाहिरातीत शोधतो. म्हणजे नवे गाणे आधीच जमलेल्या आणि ऐकायला तयार असलेल्या माणसांपुढे, दहा-पंधरा मिनिटांपुरते ठेवायचे, आणि मग त्या माणसाने आपल्याला शोधत यायचे. सांगलीत कवितांच्या मध्ये आपली तीन गाणी झाली, ती हीच रचना होती. म्हणून माझे मत असे की पूर्ण दोन तासांचा कार्यक्रम करण्याआधी आपण वर्षभर दुसऱ्यांच्या कार्यक्रमात तीन-तीन गाणी म्हणावीत. एकांकिकांच्या मधल्या वेळेत, पुस्तक प्रकाशनाला, कुठेही, फक्त समोरची माणसे बसलेली आणि शांत असावीत.

दुसरे उदाहरण गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस यांचे. १९८० च्या दशकात त्यांनी शिवोलीच्या घरी स्वतः ध्वनिमुद्रण केले आणि कॅसेट स्कूटरवर लादून दुकानादुकानांत स्वतः पोहोचवल्या. गोवा लहान आहे, हे खरे. पण ज्या दुकानात आपण स्वतः जातो, तिथला माणूस कोण काय विकत घेतो, कोणाला काय आवडले, हे आपल्याला तोंडाने सांगतो. कोल्हापूर, सांगली, मिरज, इचलकरंजी हा पट्टाही दुचाकीने एका दिवसात फिरता येण्यासारखा आहे.

लग्नात ओळखीची गाणी वाजवण्यात मला तरी काही कमीपणा वाटत नाही. त्यातून ड्रम्सचे हप्ते फिटतात. फक्त त्या कामाला वेगळे नाव द्यावे, म्हणजे लग्नात भेटलेला माणूस आपल्या गाण्यांच्या संध्याकाळी तीच गाणी ऐकण्याच्या अपेक्षेने येणार नाही.

मिरजेची_श्रोती

मी गात नाही आणि वाजवतही नाही, शाळेत मराठी शिकवत होते, आता निवृत्त आहे. पण प्रश्न श्रोत्याचा आहे, म्हणून श्रोत्याच्या बाजूनेही एखादा प्रतिसाद असावा असे वाटले.

आमच्या मिरजेत दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीमखाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, आणि तेव्हाचे श्रोते आज हयात नसले तरी सभा चालू आहे. मी वडिलांबरोबर जाऊ लागले तेव्हा मला रागांतले काही कळत नव्हते. मला आवडायचे ते शेजारी बसलेल्या लोकांचे ऐकणे. तंतुवाद्ये तयार करणारे कारागीर तिथे येत, आणि सतारीचा एखादा सूर लागला की त्यांची मान हलायची ती मी पाहत असे. श्रोता दुसऱ्या श्रोत्याकडून ऐकायला शिकतो. त्यामुळे पहिले चौतीस कोण आहेत याला फार महत्त्व आहे, कारण पुढचे त्यांच्याकडे पाहून ऐकणार आहेत.

गेल्या काही वर्षांत तरुण मुलांच्या नव्या गाण्यांचे चार-पाच कार्यक्रम मी ऐकले. त्यांतल्या एकाच गटाच्या कार्यक्रमाला मी पुन्हा गेले. त्यांनी ठरलेल्या वेळी सुरुवात केली. गाण्यांच्या शब्दांचा एक कागद प्रत्येक खुर्चीवर ठेवला होता, त्यामुळे ड्रम्सच्या आवाजात एखादी ओळ हरवली तरी मला ती डोळ्यांनी सापडत होती. आणि कार्यक्रमानंतर गाणाऱ्या मुलाने दारात उभे राहून माझे नाव विचारले, दुसऱ्या खेपेला ते त्याच्या लक्षात होते. इतर ठिकाणी गाणी कदाचित याहून चांगलीही असतील, पण शब्द कळले नाहीत, आणि माझ्या वयाच्या माणसाला एवढ्या मोठ्या आवाजात बसवत नाही.

आपली एक समजूत दुरुस्त करावीशी वाटते. आपण मनात तरुण श्रोता धरून बसला आहात, कारण गिटार आणि ड्रम्स आहेत. पुराचे गाणे माझ्यासारख्यांसाठीही आहे. घरातले सामान माळ्यावर चढवताना आम्ही होतो, मुले पुण्यात होती. सकाळच्या फिरण्यातल्या आमच्या गटात बाराजणी आहेत आणि आम्हाला संध्याकाळी साडेसहाचा कार्यक्रम सोयीचा पडतो.

पंचगंगेकाठी

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही पाचही जणांनी हे प्रतिसाद एकत्र वाचले.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी यूट्यूब स्टुडिओ उघडून पाहिले. पुराचे गाणे सुरू करणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक लोक शेवटपर्यंत थांबतात, आणि त्या ४१,००० वेळा पाहिल्या गेलेल्या आवृत्तीत मात्र पहिल्या मिनिटातच बहुतेक जण निघून जातात. तीन वर्षे आम्ही नेमका उलटा निष्कर्ष काढत होतो. स्पॉटिफायवर पहिले शहर पुणे निघाले, कोल्हापूर तिसरे.

हलगीविषयीचा मुद्दा आमच्या हलगीवादकाला पूर्ण पटला, त्याने आजच एका गाण्याचे शेवटचे कडवे हलगीशिवाय बसवून पाहिले. मंडळाबद्दलही आमची चूक होती. ज्या गल्लीवर ते गाणे आहे तिथल्या मंडळाशी बोलणे झाले असून त्यांनी सातची वेळ द्यायचे मान्य केले आहे. त्याआधी सांगलीच्या त्याच वाचनालयात सव्वा तासाचा स्वतंत्र कार्यक्रम करायचा विचार आहे, शब्दांच्या कागदासह. मिरजेच्या बाईंनी आणि त्यांच्या मैत्रिणींनी यावे ही विनंती, वेळ साडेसहाचीच ठेवतो.

एकच शंका उरली आहे. त्या अकरा जणांचे क्रमांक आमच्याकडे नाहीत. फक्त चौघांची नावे आठवतात. त्यांना आता कसे गाठावे?

ध्वनिमंच, पुणे

वाचनालयाच्या ग्रंथपालांना विचारावे. कवितावाचनाला नेमाने येणारी माणसे बहुधा तिथली सभासद असतात, आणि ग्रंथपाल त्यांना चेहऱ्याने ओळखतात. क्रमांक मागू नयेत, ते देणे त्यांना योग्य वाटणार नाही. त्या तीन गाण्यांचे शब्द छापून, खाली कार्यक्रमाची तारीख आणि आपला क्रमांक लिहून, वीस-पंचवीस प्रती पुस्तक बदलण्याच्या खिडकीशी ठेवायला द्याव्यात. ज्यांनी शब्द मागितले होते ते उचलतील.